घाई नसलेली तार

"आमटी सुरेख झाली आहे, निरुपमा. तुझ्या हाताला चवच आहे."

निरुपमाच्या हातातला डाव पातेल्यातच थबकला. वर्ष होत आलं, तरी तिला या बोलण्याची सवय होत नव्हती. आवाज दिगंबरांचाच होता. तोच किंचित घोगरेपणा, वाक्याच्या शेवटी तसाच खाली उतरणारा सूर. शब्द मात्र कुणा दुसऱ्याचे वाटत. लग्न झाल्यापासून या माणसानं आमटीचं कौतुक एकाच पद्धतीनं केलं होतं : न बोलता वाटी पुढे सरकवायची. आणि नावानं हाक? "अगं"च्या पुढे त्यांची मजल कधी गेली नव्हती.

दिगंबर समोर बसले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, डाव्या हातात चमचा, नजर ताटात. कानामागे बोटाएवढी करडी पट्टी होती आणि सदऱ्याच्या कॉलरला बटणासारखा दिसणारा स्पीकर. बोलला होता तो स्पीकर. दिगंबरांचे ओठ हललेही नव्हते.

"आवडली ना? मग घ्या अजून," ती म्हणाली. आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं आणि त्याची तिला थोडी लाजही वाटली.

दीड वर्षापूर्वी दिगंबरांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली होती. ऐकलेलं समजत होतं, माणसं ओळखू येत होती, पण बोलणं गेलं. सहा महिने घरात "हं" आणि "हं हं" यापलीकडे शब्द नव्हता. मग मिरजेतल्याच एका रुग्णालयात त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर केसाहून बारीक तारांची जाळी बसवली गेली आणि तिच्याशी बोलणारी पट्टी कानामागे आली. यंत्राचं नाव भारदस्त होतं, वाक्सेतू. घरात सगळे त्याला पट्टीच म्हणत. ज्या दिवशी ती सुरू झाली, त्या दिवशी मुलगी केतकी पुण्याहून आली होती. स्पीकरमधून बाबांचा आवाज आला, "केतकी, मला तुझा फार अभिमान वाटतो." चाळिशी ओलांडलेली केतकी जिन्यात जाऊन हमसून हमसून रडली होती. हे वाक्य तिला जन्मात पहिल्यांदा ऐकायला मिळालं होतं.

आता दुसरी शस्त्रक्रिया ठरत होती.

डॉक्टर तबस्सुम मुजावर एके काळी ज्युनिअर कॉलेजात निरुपमाच्या हाताखाली फिजिक्स शिकलेली. केस पिकायला लागले तरी तिच्यासमोर ती अजून विद्यार्थिनीसारखीच बसायची.

"मॅडम, पहिल्या टप्प्यात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे," ती म्हणाली. "सरांना एखादा शब्द बोलायचा असतो, तेव्हा मेंदूत एक हालचाल उठते. जाळी ती टिपते. पण दुखावलेल्या भागातून येणारी ती खूण अंधुक असते, आवाजाच्या गर्दीत कुणीतरी कुजबुजावं तशी. मग पट्टी अंदाज करते. सरांची जुनी भाषणं, पत्रं आणि लाखो माणसांचं बोलणं तिच्यात भरलेलं आहे. या प्रसंगी, या माणसासमोर, सगळ्यात संभवनीय वाक्य कोणतं, ते ती काढते."

"म्हणजे खूण अंधुक असली की अंदाज जास्त."

"हो."

"आणि यांची खूण?"

तबस्सुमनं समोरची फाइल मिटली. "खोटं नाही सांगत. अंधुकच आहे. अंदाजाचा वाटा वाढत चाललाय. म्हणून तर दुसरा टप्पा. त्यात उलटा रस्ता उघडायचा. पट्टी जे वाक्य निवडेल, त्याची चाहूल मेंदूला द्यायची. मेंदू हळूहळू त्या वाक्याबरोबर चालायला शिकतो. बोलणं सहज होतं, ओठसुद्धा हलायला लागतात."

"आणि मग वाक्य कुणाचं, हे कसं कळणार?"

"मग नाही कळणार, मॅडम. दोन्ही एकजीव होतात. परत वेगळं करता येत नाही. म्हणून संमती लागते. सरांची स्वतःची."

"हो डॉक्टर," शेजारून स्पीकर म्हणाला. "करून टाकू या. मला पुन्हा सगळ्यांशी मनमोकळं बोलायचं आहे."

दिगंबर खिडकीबाहेर पाहत होते.

संमती देणारं तोंड आणि जिच्यासाठी संमती हवी ती वस्तू एकच होती. वर्गात एखाद्या मुलानं मोजपट्टीची लांबी त्याच मोजपट्टीनं तपासली असती, तर निरुपमानं त्याला बाकावर उभं केलं असतं. तिनं तसं बोलून दाखवलं. तबस्सुमलाही ते पटत होतं. तिनं पट्टी काढून चाचण्या घेतल्या. 'हो' आणि 'नाही' लिहिलेली दोन कार्डं समोर ठेवली. सेकंद काट्यानं मोजलेली मुदत संपली की पुढचा प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला दिगंबरांनी डाव्या हातानं कार्डं जमिनीवर भिरकावली. अहवालात लिहिलं गेलं, स्वतंत्र प्रतिसाद आढळला नाही.

"पुढच्या आठवड्यात ठरवायला हवं," तबस्सुम म्हणाली. "तेव्हा सरांचं स्वतःचं असं काही मिळालं नाही, तर कुटुंबाचा निर्णय धरतात."

कुटुंब म्हणजे निरुपमा आणि केतकी. केतकीचा निर्णय झालेला होता.

घरी येऊन निरुपमानं दिगंबरांसमोर टॅबलेट ठेवला. त्यांनी डाव्या बोटानं एक अक्षर दाबलं आणि लगेच खाली तीन वाक्यं तयार होऊन आली, नम्र, शुद्ध, गोड. तिनं सुचवण्या बंद केल्या. तरी यंत्र चुका सुधारत राहिलं. सुधारणा बंद केल्या, तर थोडं थांबताच पडदा विचारू लागला, "मी पूर्ण करू का?" दुकानात चौकशी केली. नुसता कळफलक, जो दाबलेलं अक्षर तेवढंच पुढे पाठवतो, असा आता कुणी बनवत नव्हतं. दुकानदार पोरगा हसून म्हणाला, "आजी, असला कोण घेणार?"

रिक्षात बसल्यावर तिला माळा आठवला.

या शहरात संगणक शिकवणारं पहिलं ठिकाण दिगंबरांनी काढलं होतं. नोकरीतली सगळी शिल्लक घालून त्यांनी परदेशातून पाच घरगुती संगणक आणवले, रबरी बटणांचे, वहीएवढे, पडद्याऐवजी टीव्हीला जोडायचे. स्मरणशक्ती इतकी तोकडी, की आज शुभेच्छांचं एक चित्रही त्यात मावलं नसतं. दिगंबरांनी ते पाचही तारेनं एकमेकांना जोडले. एका बाकावरून टाइप केलेलं अक्षर दुसऱ्या बाकावर उमटायचं आणि मुलं किंचाळायची. त्यांनी मुलांना एक शिस्त लावली होती : ज्याला अक्षर मिळेल त्यानं बटण दाबून ते परत पाठवायचं. पाठवणाऱ्याला आपलं अक्षर परत आलेलं दिसलं, तरच त्यानं पुढचं पाठवायचं. "सांगितलं म्हणजे पोचलं असं नसतं," ते म्हणायचे.

निरुपमा तिथे शिकवायला लागली, तेव्हा हा माणूस समोर आल्यावर दोन शब्द धड बोलत नसे. पण दुपारी वर्ग रिकामा झाला, की पहिल्या बाकावरून चौथ्या बाकावर अक्षरं यायची. चहा घेणार का. उद्या येणार का. आणि एका शनिवारी, घरी विचारू का. तिनं एकेक अक्षर परत पाठवलं होतं.

दिगंबरांना तोंडासमोर माणूस असला की बोलता येत नसे, हे तेव्हापासूनचं होतं. तबस्सुमच्या चाचणीत ती, परिचारिका आणि निरुपमा अशा तिघीजणी त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.

माळ्यावरून काढलेल्या त्या पाचांपैकी तीन संगणकांत काही राम उरला नव्हता. उरलेल्या दोहोंचे फुगलेले कपॅसिटर तिनं बदलले. कळफलकाखालचा पातळ पापुद्रा तडकला होता. तो तिसऱ्यातला काढून बसवला. कॅसेटवरचा प्रोग्रॅम बुरशीनं खाल्ला होता, म्हणून तिनं तो नव्यानं लिहिला. फार मोठा नव्हताच : अक्षर घे, तारेवर टाक, परत यायची वाट बघ. किती वेळ वाट बघायची, याची ओळ तिनं लिहिलीच नाही. या यंत्रांना तशी गरजही नव्हती. त्यांना कंटाळा माहीत नव्हता.

देवनागरी अक्षरं तिला पुन्हा काढावी लागली. आठ चौकटी रुंद, आठ चौकटी उंच, त्यात 'क' बसवायचा. काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी बटणं. जोडाक्षरांना जागाच नव्हती.

केतकी आली तेव्हा बैठकीत टीव्ही, सोल्डरचा वास आणि बोळातून दिगंबरांच्या खोलीपर्यंत गेलेली काळी केबल असा थाट होता.

"आई, हे काय म्युझियम मांडलंयस?"

"तारेतून बोलायचंय त्यांच्याशी."

"बाबा बोलतायत की! रोज बोलतायत. माझ्याशी फोनवर तासभर बोलले परवा." ती हसली. केतकीचं हसणं नेहमी तयार असायचं, दारात पाऊल टाकायच्या आधीच तोंडावर आलेलं. "तुला ते गोड बोलतात तेच सहन होत नाहीये. सांग ना खरं."

"सहन होत नाही असं नाही," निरुपमा म्हणाली. "फार आवडतं. तीच तर भीती आहे."

केतकी केबल ओलांडून तिच्यामागे बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत आली.

दिगंबरांच्या टेबलावर संगणक ठेवून निरुपमानं पट्टीकडे हात नेला, तसा स्पीकर बोलला. "काढू नकोस, निरुपमा. मला फार एकटं वाटेल."

तिचा हात हवेतच राहिला. दाराशी उभी असलेली केतकी म्हणाली, "आई! नको म्हणतायत ना!"

आणि तेव्हाच दिगंबरांनी मान हळूहळू डावीकडे वळवली आणि खाली झुकवली. न्हाव्यासमोर बसलेला माणूस झुकवतो तशी. पट्टी आता नेमकी तिच्या बोटांखाली होती. तिनं ती काढली.

"लाइन तपासायची आहे," ती त्यांना म्हणाली. "मी बाहेर बसते. घाई नाही."

बैठकीतल्या टीव्हीवर एक पांढरा चौकोन उघडझाप करत होता. तिनं त्याच्यासमोर खुर्ची ओढली. केतकी मोबाइल घेऊन सोफ्यावर बसली. दूधवाला येऊन गेला, खालच्या दुकानाचं शटर वर गेलं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. चौकोन तसाच उघडझाप करत होता.

मग त्याच्या जागी 'ज' उमटला.

निरुपमानं तो परत पाठवला. बऱ्याच वेळानं काना आला. मग एक अक्षर. सकाळ सरली तेव्हा पडद्यावर एक ओळ होती.

जाभी पका टोहाला गोड

दोघी त्या ओळीकडे बघत राहिल्या.

"गोड," केतकी म्हणाली. "आई, गोड हवंय का त्यांना?"

तिनं आत जाऊन शिरा केला आणि बशी घेऊन बाबांच्या खोलीत गेली. लगेच परत आली. "बशी ढकलून दिली. चिडलेत." ती खुर्चीत बसली आणि या वेळी हसली नाही. "डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, शब्दांची खिचडी होते म्हणून. हीच ती. आई, पुरे आता. बघवत नाही."

निरुपमानं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. आजवर तिची भीती ही होती, की पट्टीमागचा माणूस वेगळा असेल. पट्टीमागे कुणीच नसेल, हे तिनं मनाशी कधी धरलं नव्हतं.

दुपारच्या चहानंतर चौकोन पुन्हा सरकायला लागला. दुसरी ओळ तयार झाली, तीही अशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी. तेव्हा केतकी बॅग भरत होती आणि निरुपमा सवयीनं एकेक अक्षर परत पाठवत होती. तिसरी ओळ पुरी झाल्यावर तिन्ही एकाखाली एक उभ्या राहिल्या.

जाभी पका टोहाला गोड
गाळी एकत टोकासा जोद
जाळू एका होकाला जोड

निरुपमानं चष्मा पुसला. वर्गात एकच प्रयोग तीन वेळा केल्यावर आकडे असेच एकाखाली एक लिहायचे असत. तीन वाचनांत दोन जुळली आणि एक चुकलं, तर चूक कुठली ते उघड असतं. पहिलं अक्षर : ज, ग, ज. म्हणजे ज. तिसरं : भ, ळ, ळ. ती बोट ठेवून पुढे सरकत गेली. एकाही जागी तीन वेगळी अक्षरं नव्हती.

जाळी एका टोकाला जोड.

ती खुर्चीतून ताडकन उठली.

"केतकी!"

केतकी धावत आली. "काय झालं?"

"केबल," निरुपमानं बोळातल्या काळ्या तारेकडे बोट दाखवलं. "आतल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते ना, बाहेरचा गोंगाट अडवणारी. ती एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची असते. मी दोन्ही टोकांना जोडलीय."

"मग?"

"त्यांची खोली आपण मागाहून बांधली. तिचं अर्थिंग वेगळं आहे. दोन्हींच्या विजेच्या दाबात फरक पडतो, जाळीतूनच वीज वाहायला लागते आणि अक्षरं बिघडतात. त्यांचं डोकं नाही बिघडलं, माझी लाइन बिघडलीय! मी परत पाठवलेली अक्षरं त्यांना चुकीची दिसत होती. ती बघून त्यांनी दोष शोधला. आणि बिघडलेल्या तारेतूनही पोचावं म्हणून एकच ओळ तीन वेळा पाठवली."

केतकी पडद्याकडे बघत होती. "म्हणजे दोन दिवस खपून बाबांनी तुला..."

"माझी चूक दाखवली," निरुपमा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पुढे कितीतरी दिवस ती या क्षणाचा विचार करत राहिली. पट्टी संभवनीय ते बोलत होती. दीड वर्ष मुक्या राहिलेल्या नवऱ्याचं बायकोला पहिलं वाक्य काय असेल, असं जगातल्या कोणत्याही यंत्राला विचारलं असतं, तरी केबलच्या जाळीबद्दलचं हे वाक्य त्याच्या यादीत तळालाही सापडलं नसतं. तिनं मुलांना शिकवलं होतं, की जे आधीच ठाऊक असतं त्यात माहिती शून्य असते. जितकं अनपेक्षित, तितकी माहिती जास्त. फळ्यावर लॉगरिदम काढून शिकवलं होतं. त्याचा अर्थ तिला आज, वयाच्या या टप्प्यावर, बैठकीत उभ्या उभ्या कळला. माणूस म्हणजे जे कुणाला अंदाजानं सांगता आलं नसतं, ते. आणि ते एका कवटीच्या काळोखातून निघून, मोडक्या वाटेनं बोटापर्यंत येऊन, बोळातल्या तांब्याच्या तारेतून तिच्यापर्यंत पोचलं होतं. रेडिओ दुर्बिणीला दूरच्या ताऱ्याकडून आपल्यासाठीच पाठवलेली हाक ऐकू यावी, तसं तिला वाटलं.

तिनं आपल्या टोकाची जाळी कापली. टीव्हीवर दोन दिवस हलत असलेल्या बारीक लाटा एकदम थांबल्या. पडदा स्वच्छ काळा झाला.

बऱ्याच वेळानं अक्षरं आली.

आता बरं.

तबस्सुम दुसऱ्या दिवशी घरी आली. बाहेर चप्पल काढतानाच तिनं बजावलं, "मॅडम, मी डॉक्टर म्हणून आलेय. एक वाक्य पुरेसं होणार नाही."

"एकाच वाक्यावर थांबायचं नाहीच," निरुपमा म्हणाली. "बस. वेळ लागतो."

तबस्सुमनं आत जाऊन सरांच्या कानामागे पट्टी नाही, खोलीत दुसरं कुणी नाही, दुसरं कुठलं यंत्र नाही, हे स्वतः पाहिलं. मग प्रश्न तिनंच टाइप केला. ऑपरेशन हवं की नको. एकेक अक्षर आतल्या खोलीतून परत येत गेलं.

नंतर काहीच नाही. तबस्सुमनं मनगटाकडे पाहिलं. निरुपमानं तिच्या घड्याळावर हात ठेवला.

"तुझ्या चाचणीत हेच झालं," ती हळूच म्हणाली.

तिघी बसून राहिल्या. चहा झाला, कप विसळून झाले. तबस्सुमला रुग्णालयातून फोन आला. तिनं तो घेतला नाही. चौकोन उघडझाप करत होता.

न. क. ओ.

"मात्रेचं बटण चुकलं," केतकी पुटपुटली. तेवढ्यात 'ओ' पुसला गेला आणि त्या जागी नीट मात्रा आली. नको.

तबस्सुमनं खुर्ची पुढे ओढली. तिनं विचारलं, का.

या उत्तराला दुपार लागली. पण त्या दुपारी तिघींपैकी कुणीही जागेवरून हललं नाही. एखादं अक्षर आलं, की पुढचं येईपर्यंत तो शब्द कुठे जाईल, याचे अंदाज मनात उठत आणि दर वेळी तो भलतीकडेच जाई.

तो लवकर बोलतो. मी मागे पडतो. मग मी थांबतो.

तबस्सुमनं ते पुन्हा वाचलं. कधीतरी वर्गात तिला एखादी सिद्धता एकदम उमगायची, तेव्हा तिचा चेहरा असाच व्हायचा, हे निरुपमाला आठवलं.

"दीड सेकंद," ती म्हणाली. "पट्टी खुणेसाठी दीड सेकंद थांबते, मॅडम. तेवढ्यात काही आलं नाही, की अंदाज बोलते. रुग्णाला ताटकळत राहावं लागू नये, म्हणून आम्हीच ती मुदत ठेवली. सर बोलायला निघत असतील आणि तेवढ्यात त्यांच्याच आवाजात दुसरं वाक्य बोललं जात असेल. स्वतःचाच आवाज ऐकल्यावर मेंदू म्हणतो, झालं बोलून. आणि विझतो." तिनं डोळे मिटले. "खूण अंधुक होत नव्हती. आम्ही ती दाबत होतो."

"मग आता?"

"ऑपरेशन नाही. मी तसं कळवते. पट्टीही काढूनच ठेवा." ती उठली आणि दिगंबरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत न जाताच म्हणाली, "सर, मी येते." आणि उत्तराची वाट बघत ती खरोखरच बराच वेळ उभी राहिली. शेवटी आतून "हं" आलं.

ती गेल्यावर निरुपमाला एकदम रितं वाटलं. पट्टी आता टेबलाच्या खणात राहणार होती आणि तिच्याबरोबर ते शब्दही. हाताची चव, नावानं हाक. तिला ते खरंच आवडले होते. शब्द परके होते, हे कळूनही त्यांची ओढ काही कमी झाली नव्हती. पण आत कुणीतरी होतं आणि तिला त्याचा रागलोभ पुरा ओळखीचा होता. तिनं पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"आई, थोडं थांब," केतकी म्हणाली.

ती पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली होती. बोटं रबरी बटणांवर होती, पण दाबत नव्हती.

"मला विचारायचंय. ते अभिमानाचं. आणि सगळंच. वर्षभर फोनवर जे बोलले ते." तिनं मागे वळून आईकडे पाहिलं. "नको विचारू का?"

निरुपमा तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. "मला सांगता येणार नाही गं. उत्तर काय येईल, मला माहीत नाही. तेवढंच माहीत आहे, की जे येईल ते त्यांचं असेल."

केतकीनं विचारलं. तो बोलतो ते खरं का.

संध्याकाळची उन्हं बैठकीत आली, टीव्हीच्या काचेवर चढली आणि उतरली. अक्षरं येत होती. केतकी एकेक परत पाठवत होती. सुरुवातीला घाईघाईनं, मग जपून.

तो बोलतो ते खोटं नाही. माझंही नाही.

केतकीनं ओठ आवळले. ती हसायचा प्रयत्न करत होती. तिला दुसरं काही करता येत नसे. लहानपणी शाळेत पडून गुडघा फोडून आली, तरी हसत आली होती. लग्न मोडल्याचं सांगायला आली, तेव्हाही. आणि आई-बाप दोघांनी ते हसणं चालवून घेतलं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "ठीकच आहे ना. खोटं नाही म्हणतायत." ती उठायला लागली.

"बस," निरुपमानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चौकोन हलतोय."

त. मग ऊकार. केतकी पुन्हा टेकली. एका अक्षरानंतर इतका वेळ गेला, की निरुपमाला वाटलं, ते थकून झोपले असतील. ती बघून यायला निघणार, तेवढ्यात पुढचं अक्षर आलं. केतकीचा चेहरा पडद्याच्या उजेडात अगदी शांत झाला होता. दर अक्षरापाशी ती थोडी पुढे झुकत होती.

तू खोटं हसतेस.

केतकीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. चौकोन अजून पुढे सरकत होता.

दमलीस का.

निरुपमाचा हात केतकीच्या खांद्यावरच राहिला. केतकीच्या गालांवरून पाणी ओघळून रबरी बटणांवर पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पुण्यात ती इतकी वर्षं कशी राहत होती, कुणाला काय काय सांगत नव्हती, हे सगळं तिच्या तोंडावर उघडं पडलं होतं आणि ते झाकायची तिला या वेळी घाई नव्हती.

मग तिनं एक बोट उचललं, बटण शोधलं आणि दाबलं. ह. आतल्या खोलीतून तो परत यायला वेळ लागला. ती थांबली. तो आल्यावर तिनं त्याला मात्रा दिली आणि तीही परत येईपर्यंत थांबली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, ती बाबांना एकेक अक्षर करून सगळं सांगायला लागली.